जनुकसंचाचं ग्रंथालय आणि शेजारचं विरजण

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी डीएनएच्या गोठवलेल्या नळ्यांमध्ये कशाला डोकवावं? शंका रास्त आहे. आमचं उत्तर असं, की 'जी वस्तू दिल्यावर देणाऱ्याकडची कमी होत नाही, तिची मालकी कोणाची?' हा प्रश्न आमच्या विषयात जुना आहे. विद्येबद्दल तो आपण नेहमीच विचारतो. पण विद्या हातात धरता येत नाही. डीएनएचा संग्रह मात्र हातात धरता येतो, फ्रीझरमध्ये ठेवता येतो, कुरिअरने पाठवता येतो, आणि तरीही तो दिल्याने सरत नाही. म्हणून आज आपण त्याच्याकडे बघणार आहोत.

आधी वस्तू समजून घेऊ, मग विचार करू. उदाहरण घेऊ तांदळाचं.

ग्रंथालय म्हणजे नेमकं काय?

भाताच्या एका पेशीत १२ गुणसूत्रांच्या जोड्या असतात. एकेरी संच धरला तर त्यात सुमारे ३९ कोटी रासायनिक अक्षरं आहेत. इतका लांब मजकूर अखंड हाताळता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ त्याचे तुकडे करतात. पानांमधून डीएनए हळुवारपणे बाहेर काढायचा आणि त्यावर कापणारं एन्झाइम सोडायचं. हे एन्झाइम ठरावीक अक्षरक्रम दिसला की तिथेच कापतं. पण त्याला पुरता वेळ द्यायचा नाही, म्हणजे ते काही ठिकाणी कापतं आणि काही ठिकाणी सोडून देतं. त्यामुळे एक ते दोन लाख अक्षरांचे मोठे तुकडे मिळतात.

नुसता तुकडा टिकत नाही आणि वाढतही नाही. त्याला वाहक लागतो. १९९२ साली अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत असा एक वाहक तयार झाला. त्याचं नाव बॅक्टेरियल आर्टिफिशियल क्रोमोसोम, थोडक्यात 'बॅक'. जीवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राव्यतिरिक्त डीएनएचं एक छोटं कडं असू शकतं, त्यावर हा वाहक बेतलेला आहे. भाताचा तुकडा या कड्यात जोडायचा आणि ते कडं ई. कोलाय जीवाणूच्या प्रयोगशाळेतल्या एका पाळीव जातीत घालायचं. जीवाणू वाढला, दुभंगला, की त्याच्याबरोबर भाताचा तुकडाही दुप्पट होतो.

याआधी यीस्टमध्ये याहून मोठे तुकडे ठेवता येत असत. पण तिथे दोन वेगळ्या जागचे तुकडे एकमेकांना चिकटून बसायचे आणि घोळ व्हायचा. बॅक हा वाहक एका पेशीत एक-दोनच प्रती ठेवतो. त्यामुळे तुकडा बराच स्थिर राहतो. संग्रहाला हेच हवं असतं.

असे हजारो जीवाणू, प्रत्येकाच्या पोटात भाताचा एक वेगळा तुकडा, म्हणजे 'जीनोमिक लायब्ररी'. आता हे कसलं ग्रंथालय, बघा. समजा, एका ग्रंथाच्या पुष्कळ प्रती घेतल्या, प्रत्येक प्रत वेगवेगळ्या ठिकाणी फाडली आणि सगळी पानं एकत्र मिसळून रॅकवर ठेवली. पृष्ठक्रमांक नाहीत, अनुक्रमणिका नाही. पण प्रत्येक प्रत वेगळ्या ठिकाणी फाटल्यामुळे एका तुकड्याचा शेवट दुसऱ्या तुकड्याच्या मध्यात सापडतो. या सामाईक भागांवरूनच पुढे क्रम लावता येतो. तुकडे एकमेकांवर चढलेले असणं हा इथे दोष नाही, तोच आधार आहे.

किती तुकडे पुरेत?

इथे थोडं गणित करू, अवघड नाही. एक तुकडा सरासरी १ लाख ३० हजार अक्षरांचा धरा. ३९ कोटींना त्याने भागलं की ३,००० येतात. मग ३,००० तुकडे पुरेत का? नाही. तुकडे नशिबाने हाती येतात. काही भाग दोनदा-तीनदा येतो, काही मुळीच येत नाही. ३,००० तुकडे घेतले तर जनुकसंचाचा जवळजवळ ३७ टक्के भाग हुकतो. कुठलाही एक भाग संग्रहात असण्याची खात्री ९९ टक्के हवी असेल, तर सुमारे १३,८०० तुकडे लागतात. हे सूत्र क्लार्क आणि कार्बन या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्येच मांडलं होतं.

आता खऱ्या संग्रहाकडे येऊ. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात क्लेमसन विद्यापीठ आहे. तिथे रॉड विंग यांच्या गटाने 'निप्पॉनबारे' या जपानी भाताच्या वाणाचे दोन बॅक संग्रह तयार केले. पहिल्यात ३६,८६४ तुकडे होते आणि दुसऱ्यात ५५,२९६. दोन कशासाठी? कापणारं एन्झाइम ठरावीक खुणेवरच कापतं. जनुकसंचाच्या ज्या भागात ती खूण फार विरळ किंवा फार दाट, तो भाग संग्रहात नीट येत नाही, मग तुम्ही कितीही तुकडे गोळा करा. म्हणून दुसऱ्या संग्रहाला दुसरं एन्झाइम वापरलं. एकाच चाळणीने दोनदा चाळण्यापेक्षा दोन वेगळ्या चाळण्या बऱ्या.

नंबर, पत्ता आणि नकला

हे आकडे विचित्र वाटतात ना? ३६,८६४ का, ३७,००० का नाही? कारण हे जीवाणू प्लास्टिकच्या चपट्या प्लेटमध्ये ठेवतात. एका प्लेटमध्ये १६ ओळी आणि २४ रकाने, म्हणजे ३८४ खळगे. ९६ प्लेट गुणिले ३८४ करा, ३६,८६४ येतात. प्रत्येक खळग्यात एकच तुकडा वाहणारे जीवाणू, सोबत गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून ग्लिसरॉल, आणि सगळं उणे ८० अंश सेल्सिअसला. तुकड्याचं नाव म्हणजे त्याचा पत्ता : कुठला संग्रह, कितवी प्लेट, कुठली ओळ, कितवा रकाना. क्लेमसनच्या पहिल्या संग्रहातल्या प्रत्येक तुकड्याचं नाव 'ओएसजेएनबीए' या अक्षरांनी सुरू होतं आणि पुढे हा पत्ता येतो.

आता एखाद्या संशोधकाला त्याच्या जनुकाचा तुकडा शोधायचा आहे. तो ३६,८६४ खळगे एकेक करून तपासत नाही. केंद्रात यंत्राच्या बारीक पिना प्रत्येक खळग्यातले जीवाणू उचलतात आणि नायलॉनच्या कापडावर ठिपके काढतात. २२.५ सेंटिमीटरच्या चौरस कापडावर १८,४३२ तुकडे मावतात, प्रत्येकाचे दोन ठिपके. म्हणजे पहिला सगळा संग्रह दोन कापडांवर बसला! संशोधक हे कापड मागवतो, त्यावर आपल्या जनुकाशी जुळणारा, खूण लावलेला डीएनए सोडतो. जिथे जुळलं तिथे ठिपका उमटतो. दोन जुळे ठिपके कोणत्या दिशेने मांडलेत यावरून प्लेट कळते. मग तो केंद्राला पत्ता कळवतो, आणि केंद्र त्या एका खळग्यातले जीवाणू आगरच्या नळीत टोचून पाठवतं.

२००२ मध्ये विंग ॲरिझोना विद्यापीठात गेले आणि तिथेही असंच केंद्र उभं राहिलं. पुढे भाताच्या रानटी नातेवाइकांचे बॅक संग्रह तिथे तयार झाले.

हे वाचनालय नव्हे, हे विरजण

इथे थोडं थांबून शब्दाचा विचार करू. आपण याला ग्रंथालय म्हणतो खरं, पण वाचनालयातून पुस्तक नेलं तर रॅकवर जागा रिकामी होते आणि पुस्तक परत करावं लागतं. या संग्रहातून नेलेलं कुणी परत करत नाही. आपल्याला याहून जवळची एक गोष्ट ठाऊक आहे, विरजण. घरातलं विरजण संपलं की शेजारून चमचाभर आणायचं. शेजारणीचं दही त्याने कमी झालं असं कुणी म्हणत नाही. उद्या तिचं संपलं तर ती आपल्याकडून नेते. आणि ते तिचंच असतं, आपल्या घरी वाढलेलं.

मग पहिल्या दिवशीचं दही आणि आजचं दही एकच का? त्यातला एकही जीवाणू तो नाही. न्यायदर्शनाच्या भाषेत व्यक्ती बदलल्या, जाती तीच राहिली. डीएनए संग्रहाचंही असंच. खळग्यातले जीवाणू पुन्हा पुन्हा वाढवले जातात, नकलांच्या नकला होतात. टिकतो तो अक्षरांचा क्रम, आणि त्या क्रमाला बांधलेला पत्ता.

पण विरजणाला कुणीतरी राखावं लागतं, हे आपण विसरतो. देणं फुकट असेल, राखणं फुकट नसतं. मूळ प्रत वारंवार वितळवली तर पेशी मरतात, म्हणून मूळ प्रतीला हात लावायचा नाही, तिच्या कामचलाऊ नकला करायच्या. नक्कल करताना पीन शेजारच्या खळग्यात टेकली तर तिथे भेसळ होते. प्लेट उलटी ठेवली गेली तर सगळे पत्ते चुकतात आणि जगातल्या कुठल्या तरी प्रयोगशाळेत महिन्यांचं काम पाण्यात जातं. फ्रीझरला वीज लागते, पर्यायी फ्रीझर लागतो, जागरूक माणूस लागतो. हे काम करणाऱ्याचं नाव शोधनिबंधात क्वचितच येतं. संशोधनाचं अनुदान 'नवं' काही शोधण्यासाठी मिळतं. आहे ते जपण्यासाठी पैसे मागणं फार कठीण. म्हणून अशी केंद्रं हाताळणीचा खर्च आकारतात. ती किंमत तुकड्याची नव्हे, राखणीची असते.

एकच संग्रह, दहा वाटेकरी

वाटण्याने काय साधलं, ते बघू. भाताचा जनुकसंच वाचण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात दहा देश-प्रदेशांचे गट होते. गुणसूत्रं वाटून घेतली होती. चौथं चीनकडे, पाचवं तैवानकडे, बारावं फ्रान्सकडे. भारत २००० मध्ये सामील झाला. दिल्ली विद्यापीठाचा साउथ कॅम्पस आणि पुसा इथली भारतीय कृषी संशोधन संस्था यांनी अकराव्या गुणसूत्राचा एक भाग घेतला. वाण सगळ्यांनी एकच ठरवला होता, निप्पॉनबारे. त्याचे जपानमध्ये तयार झालेले संग्रह होते आणि क्लेमसनचे हे दोन. सगळे गट मुख्यतः यांतलेच तुकडे वापरत.

याचा अर्थ लक्षात घ्या. दिल्लीतल्या गटाने वाचलेल्या तुकड्याचा पत्ता आणि अमेरिकेतल्या गटाच्या तुकड्याचा पत्ता एकाच वहीतला. दोघांच्या हद्दी जुळतात की नाही, हे तपासता येतं. शंका आली तर तोच तुकडा मागवून पुन्हा वाचता येतो. प्रत्येकाने आपापला संग्रह वेगळा केला असता, तर दहा नकाशे झाले असते आणि दहा वाद. काम डिसेंबर २००४ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं आणि ऑगस्ट २००५ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. ३८ कोटी ९० लाख अक्षरं, ३७,५४४ जनुकांचा अंदाज. माहिती सगळ्यांना खुली.

याच काळात दुसरा मार्गही दिसला. एप्रिल २००२ मध्ये सिंजेंटा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी याच वाणाचा कच्चा मसुदा 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केला. पण मूळ माहिती नेहमीच्या सार्वजनिक कोठारात न ठेवता, कंपनीच्या अटींवर उपलब्ध केली. पुष्कळ शास्त्रज्ञांनी त्याला हरकत घेतली. त्यानंतर लवकरच कंपनीने ती माहिती आंतरराष्ट्रीय प्रकल्पाला द्यायचं मान्य केलं. मुद्दा कंपनी वाईट, विद्यापीठ चांगलं, इतका सोपा नाही. मुद्दा असा, की ज्याला तपासणाऱ्याची वाट अडवता येते, त्याच्या ज्ञानावर विश्वास ठेवावा लागतो. खुल्या संग्रहातल्या ज्ञानाची पडताळणी करता येते. 'हे खरं आहे' आणि 'हे खरं आहे असं अमुक म्हणतो' यांत जो फरक, तोच इथे आहे.

देताना घेणाऱ्यांची आठवण

आता अवघड भाग. शेजारणीकडून विरजण आणलं, त्याचं दही करून विकायला सुरुवात केली, आणि उद्या तिला सांगितलं, की या दह्यावर आमचा हक्क आहे, तर?

आफ्रिकेतल्या माली देशात एक रानटी भात उगवतो, ओरायझा लाँगिस्टॅमिनाटा. त्याचा एक नमुना कटकच्या भात संशोधन संस्थेत आला होता. तिथे १९७०च्या दशकात लक्षात आलं, की करपा आणणाऱ्या जीवाणूंना हा भात दाद देत नाही. तिथून तो फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गेला. तिथे वर्षानुवर्षं संकर करून तो गुण लागवडीच्या भातात उतरवला. मग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पामेला रोनाल्ड यांच्या गटाने त्या भाताचा बॅक संग्रह केला, त्यातून नेमका तुकडा शोधला आणि १९९५ मध्ये जनुक वेगळं केलं. त्याचं नाव 'एक्सए२१'. विद्यापीठाने पेटंटची वाट धरली.

रोनाल्ड यांना प्रश्न पडला, की मालीचं आणि फिलिपिन्सचं काय? १९९६ च्या सुमाराला डेव्हिसमध्ये एक निधी स्थापन झाला. कंपन्यांनी हे जनुक वापरून पैसा कमावला, तर त्यातला वाटा मूळ देशांतल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी. विचार चांगला होता. पण कंपन्यांनी त्यावर बेतलेला वाण बाजारात आणलाच नाही, त्यामुळे अपेक्षित रक्कम आली नाही. फायदा मात्र दुसऱ्या वाटेने आला. त्या जनुकाजवळची खूण ओळखण्याची पद्धत खुली होती. तिच्या आधाराने हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाने आणि सीसीएमबीने नेहमीच्या संकरातून 'सुधारित सांबा महसुरी' हा वाण तयार केला, त्यात एक्सए२१ सोबत आणखी दोन प्रतिकारक जनुकं घातली. तो २००८ मध्ये प्रसारित झाला. माली, कटक, मनिला, डेव्हिस, हैदराबाद, असं विरजण फिरून आलं. पण मालीच्या वाट्याला या साखळीत काय आलं, हा प्रश्न उभाच राहतो.

१९९२ च्या जैवविविधता कराराने देशांचा आपल्या जैवसंपत्तीवरचा हक्क मान्य केला. भारताने २००२ मध्ये त्यासाठी कायदा केला. २०१० च्या नागोया कराराने लाभाच्या वाटपाचे नियम घातले. हे आवश्यकच होतं. पण याला दुसरी बाजू आहे. प्रत्येक नळीमागे कागदांचा गठ्ठा लागू लागला, की लहान प्रयोगशाळा मागणंच सोडून देतात. संग्रह सुरक्षित राहतो, आणि निरुपयोगीही. लोणच्याची बरणी माळ्यावर ठेवून विसरावी, तसं.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. जी वस्तू दिल्याने सरत नाही, तिच्याबाबतीत 'मालकी कोणाची' यापेक्षा 'कोणाचं कोणाकडे काय देणं लागतं' हा प्रश्न आधी विचारावा. राखणाऱ्याने देणं थांबवू नये. घेणाऱ्याने तुकड्याचा पत्ता, आणि शक्यतो त्याचा मूळ गाव, आपल्या लेखनातून पुसू नये. आणि ज्यांच्या शेतातून किंवा माळावरून पहिला दाणा आला, त्यांना लाभ पोचवण्याची वाट नफा होण्याची वाट बघत बसू नये. शिक्षण, प्रशिक्षण, तयार वाण, हे आधी देता येतं.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*आता यंत्रं लांबलचक डीएनए थेट वाचतात. मग हे गोठवलेले तुकडे कशाला सांभाळायचे?*

प्रश्न बरोबर आहे. नुसता क्रम वाचण्यासाठी बॅक संग्रहाची गरज बरीच कमी झाली आहे. पण मजकूर वाचणं आणि तुकडा काम करतो हे दाखवणं, या दोन गोष्टी आहेत. एक्सए२१ करपा रोखतं, हे सिद्ध कसं झालं? रोगाला बळी पडणाऱ्या भातात तो डीएनए घातला आणि झाड तगलं. त्यासाठी हातात डीएनए लागतो, पडद्यावरची अक्षरं पुरत नाहीत. शिवाय कुठला संग्रह उद्या लागेल, हे आज सांगता येत नाही. म्हणून टाकून देण्याआधी दुसरीकडे एक प्रत आहे ना, एवढं तरी बघावं.

*आपल्याकडे अशी राखण कुठे होते?*

वस्तू वेगळी, पण धर्म तोच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगांना लागणाऱ्या सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. प्रत्येकाला क्रमांक आहे, सूची आहे आणि मागणीनुसार नमुने दिले जातात. दिल्लीत पिकांच्या बियाण्यांची राष्ट्रीय जनुकपेढी आहे. कुणी विद्यार्थी जीवशास्त्रात असतील, त्यांनी अशा ठिकाणी एकदा जाऊन यावं आणि तिथल्या राखणाऱ्या माणसांशी बोलावं. विज्ञानाच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल फारसं येत नाही.

वेळ झाली आहे, इथेच थांबू.